सेटल होऊ द्या, काकी

आमच्या हिने आणि मी मिळून जे शेवटचं काम केलं, ते म्हणजे स्वयंपाकघराच्या लादीवर सुपारी ठेवली. ठेवली तिने, बघितली मी. एका हाताने ओटा धरून ती वाकली, सुपारी लादीवर टेकवली, बोट काढलं आणि कण्हत सरळ झाली. मी आधीच पोटावर आडवा होऊन गाल लादीला लावून तयार होतो. वरून तिने विचारलं, "कुठं गेली?"

"जागेवर आहे."

"चष्मा घातलाय का?"

"घातलाय."

"मग नीट बघून सांगा. कुठं गेली?"

"अगं बाई, जागेवर आहे. आता मला उठव."

मग तिने मला उठवलं, सुपारी मिसळणाच्या डब्यात ठेवली आणि चहा टाकला. चहात आलं जास्त झालं म्हणून मी बोललो, तर म्हणाली, "उद्या तुमी टाका."

लोक सकाळी उठून देवाला हात जोडतात, आमच्याकडे आधी सुपारी. ती गडगडत मोरीपर्यंत गेली तर बिल्डिंग कलली, आणि बिल्डिंग कलली तर त्याच दिवशी घराला कुलूप लावून पुण्याला मुलाकडे जायचं, हा हिचा कायदा. हिला मोतीबिंदू, तपकिरी लादीवर तपकिरी सुपारी दिसायची नाही, म्हणून लोळायचं काम माझं. पण सुपारीला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, "तुमचा हात जड हाय. ढकलाल."

मी सातवीपर्यंत शिकलो. सातिवलीला प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात मशीनवर जन्म काढला. लिहिणं हे माझं काम नव्हे. पण हल्ली जो भेटायला येतो तो म्हणतो, "यमुनाबाई फार भित्री होती हो बिचारी." भित्री होतीच. पण कशाला भीत होती ते बोलणाऱ्यांना माहीत नाही. मलाही उशिराच कळलं. म्हणून लिहितो.

भीतीची सुरुवात एका इंग्रजी शब्दाने झाली. जूचंद्रला हा फ्लॅट घेतला, राहायला आलो, आणि थोड्याच दिवसांत खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली ती वर तुळईपर्यंत गेली. आम्ही बिल्डरच्या माणसाला बोलावलं. तो आला, तोंडात गुटखा, भेगेत नख घालून बघितलं आणि म्हणाला, "नवी बिल्डिंग आहे काकी. सेटल होतेय. सेटल होऊ द्या."

"सेटल म्हंजे काय करते?"

"बसते."

"कुठं बसते?"

"खाली हो. जमिनीत. थोडी थोडी. सगळ्याच बसतात, टेन्शन नका घेऊ."

तो गेला. ही तिथेच उभी. चेहरा असा झाला, की मला वाटलं हिलाच काहीतरी झालं. दुसऱ्या कुठल्या बाईने हे ऐकून सोडून दिलं असतं. पण ही इथलीच. हिचा बाप इथल्या मिठागरावर कामाला होता. खिडकीतून खाली बोट दाखवून म्हणाली, "हितं आमचा बाबा गुडघाभर पान्यात उभा राहायचा. त्याच्यावर डबर टाकलाय, डबरावर माती, मातीवर ही बिल्डिंग, आनि वर आपन. हितं बसलेलं कोन परत वर आलंय, सांगा मला."

मी कोकणातला, मला चिखलातलं काय कळतं. मी म्हटलं, जेव. ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती तळमजल्यावर फिलोमिना मिसकडे गेली. मिस वसईला शाळेत इंग्रजी शिकवायच्या. आता रिटायर आहेत, पण कोणी अर्थ विचारला की अजून उठून उभ्या राहतात. मी पिशवी घेऊन बाजाराला चाललो होतो, तो दारातच थांबलो.

"मिस, सेटल म्हंजे काय ओ?"

मिसला आनंद झाला. "स्थायिक होणं. भांडण मिटवणं. पैसे चुकते करणं. मन शांत होणं. गाळ खाली बसणं."

"हे सगळं एकाच शब्दात?"

"एकच क्रियापद आहे, यमुनाबाई."

ही म्हणाली, "जो मानूस पोलिसांत पन असतो आनि चोरांत पन असतो, त्याच्यावर भरवसा कसा धरायचा?"

एवढ्या अर्थांतून तिने गाळ तेवढा उचलला. बाकीचे मिसकडेच सोडून आली. त्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्द कोणी काढायचा नाही. आणि लोकांना तर दुसरा शब्दच येत नाही. शेजारीण विचारायची, "मुलगा सेटल झाला का हो?" ही म्हणायची, "नाय. देवाच्या कृपेने अजून उभा हाय." डॉक्टर म्हणाला, "गोळी घ्या, पोट सेटल होईल," तर हिने गोळी परत त्याच्या टेबलावर ठेवली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवरून भांडण लागलं, सेक्रेटरी म्हणाला की मॅटर सेटल करून टाकू. ही मागच्या रांगेतून उठली. "मॅटर राहू दे वर. बिल्डिंग होतेय तेवढी पुरे." अर्धे लोक हसले. अर्धे हसले नाहीत, कारण भेगा त्यांच्याकडे पण होत्या.

माझ्या भाचीला बघायला आले तेव्हाची गोष्ट तर आमच्या नात्यात अजून सांगतात. मध्यस्थ वसईचे, इस्त्रीचे कपडे, बोलणं गोड. कांदेपोहे झाले, आणि ते म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका. मुलगा वेल सेटल्ड आहे."

मी मनात म्हटलं, झालं.

"वेल म्हंजे विहीर ना?" हिने विचारलं.

"अं?"

"आमच्या सोसायटीत बोअरवेल हाय. बोअर म्हंजे भोक आनि वेल म्हंजे विहीर, एवढं मला येतं. तुमचा पोरगा विहिरीत जाऊन बसलाय, आनि त्याला आमी पोरगी द्यायची?"

ती चेष्टा करत नव्हती. तोंडाला पदर लावून विचारत होती, डोळ्यांत खरंखुरं भय. भाचीच्या नाकातून चहा आला. मुलगा मात्र हसला नाही, उठून हिच्याजवळ आला आणि म्हणाला, "मामी, मी भाड्याच्या खोलीत राहतो. अजून कुठंच बसलेलो नाही." त्यावर हिने होकार दिला. लग्न झालं. जावई अजून फोन करतो तेव्हा म्हणतो, "बोअरवेल बोलतोय."

बाहेर हसू, पण घरात राहणं कठीण. हिला जड काही चालायचं नाही. पाटा-वरवंटा उचलून मिसच्या व्हरांड्यात नेऊन ठेवला. वाटण करायचं तर दोन जिने उतरायचे आणि चढायचे. वॉशिंग मशीन घेतलं नाही. पिंप अर्धं भरायचं, "पानी जड असतं." माझा मेव्हणा अंगाने भरलेला, त्याला दारापाशी बसवायची आणि मला खिडकीपाशी पाठवायची, तोल राहावा म्हणून. रस्त्यावरून डंपर गेला आणि फडताळातली भांडी किणकिणली, की हातातलं काम टाकून भेगेकडे बघत उभी. झोपायची चपला घालून. दाराशी एक पिशवी कायम भरलेली. त्यात माझ्या प्रेशरच्या गोळ्या, माझा जादा चष्मा, माझी बंडी, लुंगी, आणि सुकटीचा डबा.

मी एकदा विचारलं, "तुझं काय आहे यात?"

"मी हाय की अंगावरच्या लुगड्यात. पळायला किती लागतं?"

गुडघे असे, की जिना उतरायला कठडा धरावा लागे. ती म्हणे पळणार.

सुपारी तिने आणली तेव्हा वाण्याने हात जोडले होते. डब्यातल्या सगळ्या सुपाऱ्या त्याच्या फळीवर गडगडवून बघत होती. सुपारीला बूड असतं, त्यावर ती बसते. हिला बसणारी नको होती. "बुडाची गनपती करायला ठीक. मला चहूबाजूंनी गोल पायजे. खरं बोलनारी." मिळाली शेवटी एक. ती लादीवर ठेवली की जरा जरा सरकायची, कधी अर्धी लादी, कधी एक, मोरीच्या दिशेने. मी सांगायचो, "अगं, पाणी जायला उतार ठेवलाय गवंड्याने." ती म्हणायची, "उतार मला कळतो. उतार रोज तेवढाच असतो."

तेही खरंच.

मग एका दुपारी मागच्या गल्लीतल्या इमारतीची गॅलरी खाली आली. खाली कोणी नव्हतं, एक स्कूटर दबली. आवाज असा आला की कावळे उडाले आणि मग सगळं शांत झालं. ही खिडकीपाशी भाजी निवडत होती. खिडकी सोडून आत आली, माझा दंड धरला आणि संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या सकाळी सुपारी ठेवली आणि ती निघाली ती थांबलीच नाही. मोरीच्या कडेला जाऊन टक्क वाजली. वरून तिने विचारलंसुद्धा नाही. आवाज तिने ऐकला होता. खोटं कशाला बोलू, लादीवरून उठल्या उठल्या मी पण भेगेकडे बघितलं.

कायदा म्हणजे कायदा. संतोषला, आमच्या मुलाला, तिने स्वतः फोन केला. तो पुण्याहून गाडी घेऊन दुपारी आला. पिशवी गाडीत गेली, दोन ट्रंका गेल्या, ही मागच्या सीटवर जाऊन बसली. चेहरा मोकळा झालेला. इतक्या वर्षांत मी तिला अशी पाठ टेकून बसलेली बघितली नव्हती.

मी गेटवर होतो. कंपाउंडला मी तोंडलीचा वेल लावलाय, त्याला किती पाणी घालायचं ते वॉचमनला सांगत होतो. तेवढ्यात आमची मासेवाली आली, टोपली डोक्यावरून उतरवायला लागली. मी म्हटलं, "नको, आम्ही चाललो." ती म्हणाली, "चाललांव? मंग ह्ये बोंबील कोनासाठी आनले?" पत्ते खेळणारे आमचे तिघे तलावावरून उठून आले होते. त्यांतला एक म्हणाला, "तुझ्याशिवाय चौथा कोण?" मी म्हटलं, शोधा कोणीतरी. मग मला उगाचच तोंडलीची दोन पिकलेली पानं काढावीशी वाटली. ती काढत बसलो. संतोषने हॉर्न दिला.

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. ही खाली उतरली.

"सकाळी मी घाईत ठेवली," म्हणाली. "सुपारी परत बघते."

"आई, आता कशाला?" संतोष म्हणाला.

"गप रं. कायदा कोनी केला? मी."

ती आधी मिसच्या व्हरांड्यात शिरली. तिथे बराच वेळ होती. पाट्यावर काहीतरी घासल्याचा खरखर आवाज येत होता. मी समजलो, मिसला जाता जाता मसाला वाटून देतेय. मग कठडा धरून वर गेली, वरून मला हाक मारली. मी गेलो, आडवा झालो. तिने सुपारी ठेवली.

"कुठं गेली?"

सुपारी हललीच नाही. खिळा ठोकल्यासारखी.

"जागेवर आहे," मी म्हटलं.

"मग ऱ्हायलं. संतोषला म्हनावं, चहा पिऊन जा."

पोरगा चिडला, चहा न पिता गेला. ट्रंका मी आणि वॉचमनने वर आणल्या. त्या दिवसानंतर सुपारी कधी हलली नाही. मी मनात म्हटलं, बिल्डरचा माणूस खरं बोलत होता, बिल्डिंग बसायची होती तेवढी बसली.

पण एक गोष्ट मला कळत नव्हती. सुपारी जागेवर, तरी हिची भीती काही कमी होईना. उलट वाढली. चपला पायात, पिशवी दाराशी, डंपर गेला की हात माझ्या दंडावर. मी म्हणायचो, "अगं, रोज बघतो ना आपण? हलत नाही ती." ती म्हणायची, "हो. तुमी बघता ना. बरं हाय." आणि वर भेगेकडे बघायची.

त्या शेवटच्या दिवशी चहानंतर तिने वाल सोलले, जेवलो, आणि ती जरा आडवी झाली. चारच्या चहाला उठली नाही. गल्लीतला डॉक्टर आला, त्याने डोळे बघितले, मनगट धरलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नाही. बिल्डिंग पडेल म्हणून बाई जन्मभर भ्याली, आणि बिल्डिंग उभी आहे.

चपला तिच्या पायात होत्या. त्या मी काढल्या.

रात्री संतोष आला, सगळं उरकलं. परत आलो तर मिसने पेज करून ठेवली होती. कोणी खाल्ली नाही. मेव्हणा सवयीने दारापाशीच बसला होता. संतोष माझ्याजवळ सरकला. रडून आवाज बसलेला.

"बाबा, आता इथं एकटं राहायचं नाही. माझ्याकडे सेटल व्हा."

तो शब्द आमच्या घरात इतक्या मोठ्याने कोणी बोललेलं नव्हतं. मेव्हण्याने स्वयंपाकघराकडे बघितलं. मीही बघितलं. आतून कोणी ओरडलं नाही.

"मी किती वेळा बोलावलं," संतोष म्हणाला. "आईच यायची नाही."

"आई यायची नाही? तिला तर रोज पळायचं होतं."

"मी फोनवर विचारायचो ना. म्हणायची, तुझा बाबा हितं सेटल झालाय रं. त्याला हलवू नको."

"काय झालाय म्हणाली?"

"सेटल."

"तुझी काहीतरी चूक होतेय. तो शब्द ती बोलायची नाही."

"बाबा, हाच शब्द. दर वेळी."

कोपऱ्यात मिस बसल्या होत्या. चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "क्रियापद बरोबर वापरलं तिने." आणि चष्मा परत लावलाच नाही.

त्या रात्री मी चपला घालून झोपलो. का ते सांगता येणार नाही. रस्त्यावरून गाडी गेली की भांडी किणकिणायची, आणि मला कळायचं की ही किणकिण इतकी वर्षं माझ्या कानावर कधी पडलीच नव्हती. भ्यायला घरात दुसरं माणूस होतं.

सकाळी उजाडल्यावर स्वयंपाकघरात गेलो. मिसळणाचा डबा उघडला आणि सुपारी काढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या हातात आली. अंगठा फिरवला तर एका बाजूला लागला सपाटपणा. उजेडात धरली. पाट्यावर घासून घासून तिला बूड केलेलं होतं, नखाएवढं, गुळगुळीत. मसाल्याचा पिवळा डाग अजून त्यात होता.

मी खाली बसलो. सुपारीचं बूड वर केलं, गोल बाजू लादीवर टेकवली आणि बोट काढलं. ती लगेच निघाली. मोरीच्या कडेला जाऊन टक्क वाजली. म्हणजे हिला हे रोज माहीत होतं. रोज ठेवताना माहीत होतं, आणि रोज वरून मला विचारत होती.

रांगत जाऊन सुपारी आणली आणि जागेवर येऊन आडवा झालो, गाल लादीला लावून. तेवढ्यात संतोष धावत आला.

"बाबा, पडलात का?"

"पडलो नाही. तिथं ओट्याला हात लावून उभा राहा."

"कशाला?"

"राहा उभा. आणि विचार, कुठं गेली."

तो उभा राहिला. पोरगा हुशार. मी सुपारी सपाट बाजूवर ठेवली, हाताच्या आडोशाने, आणि बोट काढलं. वरून आवाज आला.

"कुठं गेली?"

मी चष्मा सारखा केला.

"जागेवर आहे," मी म्हटलं. "आता मला उठव. चहा मी टाकतो."